जागृत ज्वालामुखीवर वाटाड्याबरोबर चढताना

जागृत ज्वालामुखीचा बेत आखताना पहिली चौकशी करायची ती सध्या कुठवर जाता येतं याची. डोंगर तोच असतो, पण हद्द सरकत राहते. इटलीतला स्ट्रॉम्बोली ९२४ मीटर उंच आहे. पूर्वी वाटाड्याबरोबर गट थेट माथ्यापर्यंत जात. ३ जुलै २०१९ ला तिथे मोठा स्फोट होऊन एका गिर्यारोहकाचा जीव गेला, ऑगस्टच्या अखेरीस दुसरा मोठा स्फोट झाला. त्यानंतर वाटाड्याशिवाय २९० मीटर आणि वाटाड्यासह ४०० मीटर अशी हद्द आखली गेली, आणि डोंगर बिथरला की तीही बंद होते. मेक्सिकोतल्या पोपोकातेपेत्लच्या माथ्याची चढाई तर १९९४ पासून बंद आहे. म्हणून कुणीतरी चार-पाच वर्षांपूर्वी विवराच्या काठावर काढलेला फोटो पाहून तिकिटं काढू नका. ज्या महिन्यात जाणार त्या महिन्यातली हद्द विचारा, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा विचारा.

इशारा-पातळी वाचताना

बहुतेक ज्वालामुखींवर त्या-त्या देशाची वेधशाळा लक्ष ठेवून असते आणि पातळी जाहीर करते. पण या पातळ्या एकमेकींशी जुळत नाहीत. जपानमध्ये १ ते ५, न्यूझीलंडमध्ये ० ते ५, इंडोनेशियात चार टप्पे, इटलीत हिरवा-पिवळा-नारिंगी-लाल. एका देशातली '२' दुसऱ्या देशातल्या '२' इतकी सौम्य असेलच असं नाही. शिवाय रंगांची आणखी एक पद्धत विमानांसाठी असते. ती राखेचा विमानांना धोका किती हे सांगते, पायी चढणाऱ्याला धोका किती हे सांगत नाही. आकडा पाहून थांबू नका, त्याखालचा मजकूर वाचा: विवरापासून किती किलोमीटर लांब राहायला सांगितलंय, कुठल्या बाजूच्या घळी टाळायला सांगितल्यात, गेल्या आठवड्यात स्फोट किती झाले.

सर्वात खालची पातळी म्हणजे हमी नव्हे, हे ठामपणे सांगायला हवं. जपानच्या ओन्ताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ ला, शनिवारी, दुपारी बाराला काही मिनिटं असताना स्फोट झाला तेव्हा पातळी १ होती. माथ्यावर जेवायच्या वेळची गर्दी होती. ५८ जण गेले आणि ५ जण सापडलेच नाहीत. फिलिपाइन्समधल्या मायोनवर ७ मे २०१३ ला पातळी ० असताना ५ जण मेले, त्यात वाटाड्याही होता. दोन्ही ठिकाणी स्फोट वाफेचा होता. खोलातून शिलारस वर सरकतो तेव्हा भूकंपाचे धक्के वाढतात, डोंगर किंचित फुगतो, वायूंचं प्रमाण बदलतं आणि यंत्रांना चाहूल लागते. वाफेचा स्फोट मात्र उथळ जागी होतो: तापलेल्या खडकात अडकलेलं पाणी, वर गाळामातीने बुजलेल्या फटी, आणि एका क्षणी दाब झाकण उडवतो. चाहूल लागलीच तर काही मिनिटांची. ओन्ताकेनंतर जपानने पातळी १ चं वर्णन २०१५ मध्ये बदललं. आधी तिला 'नेहमीची स्थिती' म्हणत, आता 'हा जागृत ज्वालामुखी आहे हे लक्षात ठेवा' असं म्हणतात. तेव्हा वाढलेली पातळी हे थांबायचं कारण माना. खालच्या पातळीवर निघालात तरी हेल्मेट, थांबायचा वेळ आणि परतीची वाट यांत सूट घेऊ नका.

दुसरी गफलत परवानगीची. सुमात्रातल्या मारापीवर ३ डिसेंबर २०२३ ला स्फोट होऊन २४ गिर्यारोहक गेले. विवरापासून ३ किलोमीटरच्या आत जाऊ नका असा ज्वालामुखी खात्याचा सल्ला होता, आणि तरीही चढाईची परवानगी दुसऱ्या खात्याकडून मिळत होती. तिकीट हातात आहे म्हणजे वेधशाळेने होकार दिलाय असं धरू नका. दोन्हीकडे स्वतः पाहा. (जावातला मेरापी वेगळा आणि सुमात्रातला मारापी वेगळा. बातमी आणि पातळी तपासताना ही नावं सहज गोंधळतात.)

वाटाड्या कसा निवडायचा

कित्येक ठिकाणी वाटाड्या सक्तीचा आहे. ग्वाटेमालातल्या पकायावर तो प्रवेशद्वाराशीच सोबत घ्यावा लागतो. चिलीच्या विजारिकावर वाट बर्फातून जाते, तिथे अनुभव नसलेल्याला वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. एटनाच्या माथ्यावरच्या विवरांकडे जायचं तर परवानाधारक वाटाड्या लागतो. इटलीत डोंगरी वाटाडे आणि ज्वालामुखी-वाटाडे यांचे परवानेच निराळे आहेत. परवाना दाखवा म्हणायला संकोच करू नका. खरा वाटाड्या तो खुशीने दाखवतो.

कागद पाहून झाला की एकच प्रश्न नीट विचारा: 'मागच्या वेळी माघारी कधी फिरलात, आणि कशामुळे?' चांगल्या वाटाड्याकडे याचं उत्तर तयार असतं. वारा फिरला आणि धूर वाटेवर आला, रेडिओवर धक्के वाढल्याचं कळलं, गटातला एक जण खोकायला लागला, ढग खाली उतरले. असं नेमकं कारण येतं. 'आम्ही रोज जातो, काही होत नाही' हे उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. दोरीपलीकडे नेतो, थोडे जास्त द्या, असं म्हणणाऱ्याबरोबर एक पाऊलही टाकू नका.

याशिवाय विचारायच्या गोष्टी: वेधशाळेचं निवेदन रोज पाहता का, वर रेडिओ असतो का आणि पलीकडे कोण ऐकतं, वायुमापक आहे का, निवारे कुठे आहेत, कितीला माघारी फिरायचं, आणि गटातल्या एकाला खाली न्यावं लागलं तर बाकीच्यांबरोबर कोण राहील. शेवटच्या प्रश्नावरून गट केवढा असावा हे आपोआप ठरतं. मळलेल्या वाटेवर आठ-दहा जणांमागे एक वाटाडा आणि शेवटी एक मदतनीस ठीक. बर्फाची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे अणकुचीदार खिळे) लागतात अशा बर्फात तीन-चार जणांमागे एक. वीस जणांमागे एकच माणूस असेल तर तो वाट दाखवू शकतो, लक्ष ठेवू शकत नाही.

आता याहून महत्त्वाचं. वाटाड्याची खरी किंमत त्याच्या 'नको' म्हणण्यात आहे, आणि ते 'नको' त्याला सोपं व्हावं याची जबाबदारी तुमची आहे. त्याच्यावर ओढ कशाची असते ते पाहा: माथा गाठला नाही तर बक्षिसी बुडेल, लोक नाराज होऊन वाईट लिहितील, मालक पैसे परत द्यायला लावेल, आणि पाहुण्याचं विमान दुसऱ्या दिवशी आहे. यातलं बरंचसं तुम्ही निघण्याआधी सोडवू शकता. चढाईच्या दिवसानंतर एक-दोन दिवस मोकळे ठेवा, म्हणजे आज नाही तर उद्या जाता येतं. पैशांचं आधीच ठरवा: अर्ध्या वाटेवरून परतलो तरी वाटाड्याची पूर्ण मजुरी आणि बक्षिसी मिळेल, हे पहिल्या भेटीत गटासमोर सांगा. आणि गटात ठरवून टाका की माघारीच्या निर्णयावर वर चर्चा होणार नाही. वाटेवर 'अजून दहाच मिनिटं' म्हणणारा एक जण पुरतो.

त्याच वेळी वाटाड्याला चिलखत समजू नका. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला ४७ जण होते, सगळे वाटाड्यांबरोबर आलेल्या गटांतले. २२ जण गेले, त्यांत वाटाडेही होते. अनुभवी माणूस वारा, वाट आणि वेळ ओळखतो. वाफेचा स्फोट त्यालाही ओळखता येत नाही. म्हणून धोक्याच्या जागी कमी वेळ थांबणं हाच खरा उपाय उरतो, आणि तो तुमच्याही हातात असतो.

भाषा वेगळी असेल तर निघण्याआधी चार शब्द त्याच्या भाषेत पाठ करा: थांबा, हेल्मेट, मुखवटा, खाली चला. वर वाऱ्याच्या आवाजात वाक्य ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणाही ठरवा.

कुणी जाऊ नये

दमा असलेल्यांनी विवराजवळ जाऊ नये, हे सरळ सांगितलेलं बरं. सल्फर डायऑक्साइडने दम्याची उबळ अगदी कमी प्रमाणातही, काही मिनिटांत उठते. जपानच्या आसोच्या विवराकाठी १९९७ मध्ये दोन पर्यटक या वायूने गेले. दमा, श्वासनलिकेचे किंवा हृदयाचे विकार असलेल्यांना तिथे विवराकडे येण्यास मनाई आहे आणि वायू वाढला की सगळा परिसरच रिकामा करतात. गरोदरपणी, आणि नुकताच छातीचा संसर्ग होऊन गेला असेल तरी काठ टाळा.

उंची हा निराळा विषय. २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ सुरू होऊ शकते, आणि हीच लक्षणं वायूमुळेही होतात. वर असताना दोन्हींतला फरक ओळखता येत नाही, म्हणून उपाय एकच ठेवा: खाली उतरायचं. ग्वाटेमालातला अकातेनांगो ३,९७६ मीटर आहे आणि शेजारचा धगधगता फुएगो पाहायला तिथे मुक्कामी जातात. जानेवारी २०१७ मध्ये त्या डोंगरावर सहा जण गारठून मेले. ज्वालामुखी म्हणजे उष्णता, या समजापायी लोक स्वेटर कमी घेतात. रात्री माथ्यावर वारा असतो, पाऊस असतो, आणि लाव्हाची ऊब दोन किलोमीटर लांब येत नाही.

सॅकमध्ये काय

बूट घोट्यावरचे, कडक तळाचे, मुरलेले. नवे बूट नकोत, आणि जाळीचे धावायचे बूट मुळीच नकोत, कारण राख जाळीतून आत जाते आणि तासाभरात तळपायाला काच कागद घासल्यासारखं होतं. ज्वालामुखीची राख म्हणजे जळक्या लाकडाची मऊ राख नव्हे. ती खडक आणि काच यांची धारदार पूड असते. त्यासाठी बुटावर गेटर (बुटाचं तोंड आणि पोटरी झाकणारं आवरण) बांधा. हातात जाड मोजे ठेवा: खडबडीत लाव्हाच्या दगडावर तोल जाऊन हात टेकला तर तळवा सोलून निघतो.

अंगालगत लोकर किंवा सुती, बाहेर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. थंडीच्या डोंगरावर सुती कपडा घामाने भिजून गार पडतो, तिथे लोकरच बरी. नायलॉन किंवा फ्लीसवर तप्त खडा पडला तर कापड वितळून कातडीला चिकटतं. म्हणून विवराजवळ सर्वात बाहेर जाड सुती किंवा चामड्याचं काहीतरी असलेलं चांगलं.

हेल्मेट गिर्यारोहणाचं, हनुवटीचा पट्टा घट्ट बसणारं. भाड्याचं असेल तर आतली पट्टी फिरवून पाहा आणि टरफलाला तडा नाही ना ते बोट फिरवून तपासा. डोळ्यांना चहूबाजूंनी बंद गॉगल, भोकं असलेला नको. कॉन्टॅक्ट लेन्स खोलीतच ठेवा, साधा चष्मा घाला. लेन्सखाली राखेचा कण गेला तर बुबुळ खरवडतं.

पाणी माणशी ३ ते ४ लिटर. ज्वालामुखीचा उतार सच्छिद्र असतो, झरे जवळजवळ नसतात, आणि उघड्यावर साचलेलं पाणी आम्लयुक्त असू शकतं. हेडटॉर्च आणि जादा बॅटरी, दोन काठ्या, शिट्टी, खारट-गोड खाणं, प्रत्येकाकडे स्वतंत्र प्रथमोपचार. डोळे धुवायला अर्धा लिटर स्वच्छ पाणी वेगळं ठेवा आणि ते पिऊ नका.

विमा काढताना बारीक अक्षरं वाचा. कित्येक पॉलिसींत उंचीची मर्यादा असते, आणि सरकारी इशारा डावलून गेलात तर भरपाई नाकारतात.

मुखवटा आणि वायू

इथे सर्वात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून.

एन९५ सारखा धुळीचा मुखवटा राख अडवतो, वायू अडवत नाही. ओला रुमाल थोडी राख आणि अगदी थोडा सल्फर डायऑक्साइड अडवतो. अडचणीत तो बरा, पण बेत त्याच्या भरवशावर करू नये. विवराकाठी जायचं तर आम्लधर्मी वायूंसाठीच्या कार्ट्रिजचा (वायू शोषणाऱ्या डबीचा) रबरी मुखवटा लागतो. कार्ट्रिजवर वायूचं नाव आणि रंगाची पट्टी असते. युरोपीय पद्धतीत सल्फर डायऑक्साइडसाठी पिवळी, हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंसाठी राखाडी. दोन्ही एकत्र असलेलं मिळालं तर उत्तम, आणि त्याला राखेची गाळणी जोडलेली असावी. भाड्याच्या मुखवट्यात हमखास हीच गोची असते: मुखवटा दिसायला भक्कम, पण कार्ट्रिज रंगकामाच्या वाफांचं किंवा वर्षभर उघडं पडलेलं.

घातल्यावर तपासायची रीत: दोन्ही कार्ट्रिज तळव्यांनी झाका आणि हळू श्वास आत ओढा. मुखवटा चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. नाकाच्या कडेने किंवा हनुवटीखालून थंड हवा लागली की पट्टे पुन्हा बसवा. दाढी असेल तर तो बसतच नाही. दोन दिवसांची खुंटंही फट ठेवतात, तेव्हा त्या सकाळी दाढी करा.

आता वायूंची ओळख. सल्फर डायऑक्साइड नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा झोंबतो. घसा खवखवतो, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणजे तो निदान कळतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो आणि तो फार कमी प्रमाणातही जाणवतो. पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. जोराचा वास अचानक बंद झाला आणि तुम्ही जागचे हलला नसाल, तर वायू वाढलाय असं समजून वर किंवा वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघा. कार्बन डायऑक्साइडला ना वास ना रंग. तो हवेच्या दीडपट जड असल्याने वारा नसलेल्या सकाळी खळग्यांत साचतो, आणि १० टक्क्यांच्या वर माणूस लवकर बेशुद्ध पडतो. त्यावर कुठलंही कार्ट्रिज चालत नाही. कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनवर एप्रिल २००६ मध्ये वाफाऱ्याभोवतालच्या (वाफ आणि वायू सोडणाऱ्या फटीभोवतालच्या) बर्फाच्या खळग्यात तीन जण गेले. त्यांतला एक बाकीच्यांना वाचवायला उतरला होता. खळग्यात कुणी कोसळलेला दिसला तर त्याच्या मागे उतरू नका. हीच सर्वात कठीण सूचना आहे, आणि ती निघण्याआधीच गटाला सांगून ठेवावी लागते.

म्हणून विश्रांतीला बसताना जागा निवडा. आडोसा छान वाटतो, पण वाफाऱ्यांच्या परिसरात खोलगट आडोसा टाळून वारा खेळणाऱ्या धारेवर बसा.

जावातल्या कावाह इजेनला निळ्या ज्वाळा पाहायला मध्यरात्री विवरात उतरतात. त्या ज्वाळा लाव्हाच्या नव्हेत, फटींतून येणारे गंधकाचे तप्त वायू हवेत पेटतात, त्याचा तो रंग. म्हणजे ज्वाळांच्या जवळ जाणं हे थेट वायूच्या तोंडाशी जाणं आहे. खाली अत्यंत तीव्र आम्लाचं सरोवर आहे आणि वाट अरुंद. त्याच वाटेने गंधक वाहणारे कामगार ७०-८० किलोच्या पाट्या घेऊन वर येतात. त्यांना डोंगराच्या बाजूला सरकून वाट द्या, त्यांच्या पाट्यांना अडून फोटो काढू नका. वारा फिरून पिवळा धूर अंगावर आला तर पळत वर सुटू नका: धाप लागली की वायू जास्त आत जातो, आणि दिसत नसताना पाय घसरतो. खाली वाका, मुखवटा दाबून धरा, कातळाला धरून थांबा. धूर बहुधा मिनिटाभरात सरकतो. नाहीच सरकला तर वाटाड्याच्या सॅकला धरून हळू निघा.

चढण

ज्वालामुखीचा शंकू म्हणजे बहुतांशी घसारा. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. पाय जोरात रोवू नका, आख्खा तळवा सपाट टेकवून वजन हळू द्या. पुढच्याने पाडलेल्या खाचेतच पाय टाका, म्हणजे श्रम निम्म्याने वाचतात. गट सरळ रेषेत एकाखाली एक नको. वरून दगड सुटला तर 'दगड!' म्हणून ओरडायचं आणि खालच्यांनी वर न पाहता डोकं छातीशी घ्यायचं. बोलता येईल इतकाच वेग ठेवा. ताशी ३०० मीटरची चढण पुष्कळ झाली.

गोठलेल्या लाव्हाचे दोन प्रकार पायाखाली येतात. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्यांचा थर चालायला सोपा, पण त्याखाली पोकळी असू शकते. टकटक आवाज बदलला की बाजूला व्हा. दुसरा काटेरी ढेकळांचा, जिथे प्रत्येक पाऊल हलतं आणि पडलं की रक्त निघतं. वाफाऱ्यांजवळची पांढरी-पिवळी, ओलसर माती सर्वात फसवी: वरची पापडी बोटभर आणि खाली उकळता चिखल. तिथे वाटाड्याच्या ठशावरच पाय ठेवायचा, काठी आधी टेकवून.

घळीतून जाणारी वाट चढायला सोयीची वाटते. पण दगड, गरम ढग, चिखलाचे लोंढे हे सगळं उतरतं ते घळीतूनच. शक्य तिथे धार धरा. घळ ओलांडायचीच असेल तर एकेकाने, न थांबता.

वाहता लाव्हा जवळून पाहायला मिळाला तर लक्षात ठेवा, बेसाल्टचा लाव्हा १,१०० अंशांच्या आसपास असतो. पुढचा काठ माणसाच्या चालीपेक्षा संथ असला तरी त्यातून धगधगते धोंडे निखळून पुढे घरंगळतात. बर्फावर किंवा ओल्या जमिनीवर सरकणाऱ्या लाव्हासमोर उभे राहू नका: एटनावर १६ मार्च २०१७ ला लाव्हाखालच्या बर्फाची वाफ होऊन स्फोट झाला आणि दहाएक जण जखमी झाले.

काठावर

हेल्मेट आणि मुखवटा काठाच्या बऱ्याच आधी, निवांत जागी चढवा. विवराची कडा बहुधा आतून पोखरलेली असते आणि वरून धडधाकट दिसते. वाटाडा म्हणेल त्याच्या दोन पावलं मागे उभे राहा. भेगा काठाला समांतर दिसल्या की आणखी मागे. वारा पाठीवर हवा, धूर समोर जायला हवा. सॅक पाठीवरच ठेवा, खाली काढून पसारा मांडू नका. खाणं-पिणं, कपडे बदलणं आणि ड्रोनची जुळणी हे सगळं खाली.

थांबायचा वेळ आधीच ठरवा आणि घड्याळात गजर लावा. अर्धा तास भरपूर आहे. धोका जेवढा वेळ थांबाल तेवढा वाढतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत जे दिसतं तेच पुढेही दिसतं.

स्ट्रॉम्बोलीसारखा डोंगर साधारण दर १०-२० मिनिटांनी लाव्हाचे गोळे उडवतो. गोळे उडाले की नजर आकाशाकडे आणि पाय जागच्या जागी. एकेक गोळा पाहा. जो आकाशात डावीकडे किंवा उजवीकडे सरकताना दिसतो तो तुम्हाला चुकवून पडणार. जो जागचा न हलता नुसता मोठा होत जातो तो तुमच्याकडे येतोय. त्यासाठी दोन-चार पावलं बाजूला पुरतात, मात्र ती त्याच्याकडे पाहतच टाकायची. पाठ फिरवून पळणाऱ्याला गोळा दिसत नाही आणि पायाखालचा दगडही दिसत नाही. नेहमीचा ठेका चुकून डोंगर बराच वेळ गप्प झाला, तर त्याला शांतता समजू नका. वाटाड्या अशा वेळी निघू म्हणाला तर लगेच निघा.

मोठा स्फोट झालाच तर

काही सेकंदच हाती असतात आणि त्यांतला एकही मोबाइल काढण्यात घालवायचा नाही. आधी दगड येतात. निवारा किंवा मोठा कातळ असेल तर विवराच्या विरुद्ध बाजूने त्याला चिकटून बसा, सॅक डोक्यावर आणि मानेवर घ्या, हातांनी धरून. कपडे भरलेली सॅक लहान दगडाचा मार बराच झेलते. दगडांचा मारा थांबला की लगेच खाली, कारण दुसरा मारा होऊ शकतो.

मग राख. भर दुपारी टॉर्चचा उजेडही दोन हातांपलीकडे जात नाही असा अंधार होतो. मुखवटा, गॉगल, आणि एकमेकांची सॅक धरून एक रांग. वाऱ्याला आडवं चालत राखेच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं, धारेवरून. जमिनीलगत घोंगावत येणाऱ्या तप्त ढगाचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो आणि तापमान कित्येक शे अंश असतं. त्याच्यापुढे पळून कुणी वाचत नाही. तो उतारावर आणि घळीत येतो, म्हणून दिसताक्षणी घळीपासून दूर, बाजूच्या उंच धारेवर जाणं एवढाच उपाय. त्यापासून खरं संरक्षण वेधशाळेने आखलेल्या अंतराबाहेर राहणं हेच.

उतरताना आणि नंतर

घसाऱ्यावर उतरताना टाच रोवत, गुडघे किंचित वाकवून, शरीर थोडं पुढे. मागे रेललात तर पाय निसटतो. आपापसात अंतर ठेवा, धूळ बसू द्या. पाऊस सुरू झाला तर ओढ्याकाठी थांबू नका. ताज्या राखेवर जोराचा पाऊस पडला की राखेचा लोंढा ओल्या सिमेंटसारखा घळीतून येतो, आणि तो वर पाऊस पडला तरी येतो, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. वरच्या बाजूने घरघर ऐकू आली तर ओढा ओलांडायचं सोडून काठ चढा.

खाली आल्यावर डोळे चोळू नका, वाहत्या पाण्याने धुवा. कॅमेऱ्याची भिंग पुसू नका, आधी फुंकणीने राख उडवा, नाहीतर चरे पडतात. कपडे बाहेर झटका आणि वेगळे धुवा. वायूचा जोराचा झोत लागला असेल तर तब्येत ठीक वाटली तरी पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, खोकला, छातीत दाब, धाप सुरू होऊ शकते, कारण फुप्फुसात पाणी जमायला वेळ लागतो. अशा वेळी थेट रुग्णालयात जा आणि कुठला वायू किती वेळ लागला ते डॉक्टरांना सांगा.

मुखवटा स्वतःचा असेल तर कार्ट्रिज उघडल्याची तारीख त्यावरच मार्करने लिहा आणि हवाबंद पिशवीत ठेवा. उघडं पडलेलं कार्ट्रिज वापरलं नाही तरी हवेतली ओल शोषून निकामी होत जातं. पुढच्या चढाईला नवंच घ्या.